इनाम नको, हिशेब द्या

(इनामगाव, ता. शिरूर येथे कामगार तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे. आकडे तेवढे पुन्हा तपासून घातले.)

दोस्तांनो आणि बायांनो,

तुम्ही येरवड्याहून, रामटेकडीहून, दापोडीहून, थेट चेंबूरहून इथवर आलात. आता आलाच आहात तर आधी या गावाचं नाव नीट ऐका. इनामगाव. इनाम म्हणजे काय? वरच्यानं खूश होऊन खालच्याला दिलेलं. ते भांडून मिळत नाही. त्याची पावती नसते, त्याचा दर नसतो. देणाऱ्याची मर्जी असेल तोवर घ्यायचं आणि घेतल्याबद्दल जन्मभर मान खाली घालायची. मला आज या एका शब्दावरच बोलायचंय. कारखान्यात बोट जातं, उसाच्या फडात पाय जातो, गटारात अख्खा माणूस जातो, आणि मालक खिशातनं चार नोटा काढून देतो. ते इनाम आहे. आपल्याला ते नको. आपल्याला हिशेब पाहिजे.

घोड नदीच्या काठाला इथं पांढरीचं टेकाड आहे. १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी ते खणलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. खाली एक अख्खं गाव निघालं, इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातलं. मातीची घरं, कुंभाराची भट्टी, पुराचं पाणी वळवायचा बांध आणि पाट. एक पाच खोल्यांचं घर निघालं आणि त्याच्या शेजारीच धान्याचं कोठार. संशोधकांनी ते घर गावच्या प्रमुखाचं मानलं. बऱ्या स्थितीतले शेतकरी मधल्या भागात. कुंभार, सोनार, चुना भाजणारा, हस्तिदंत कोरणारा असे कारागीर पश्चिमेच्या कडेला.

आणि मुडदे. मोठी माणसं मेली की घराच्या जमिनीखाली नाहीतर अंगणात पुरायचे. पुरताना घोट्याखालचे पाय तोडायचे. मेलेला उठून निघून जाऊ नये, घरातच राहावा म्हणून तोडत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. पण एक माणूस निराळा सापडला. चार पाय असलेल्या मातीच्या मोठ्या रांजणात बसवलेला, त्याच पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात. त्याचे पाय शाबूत होते.

तीन हजार वर्षांपूर्वी इथं जात होती असं मी म्हणत नाही. पुराव्यापलीकडचं ठोकून द्यायची सवय पोथ्या लिहिणाऱ्यांची, ती आपल्याला नको. पण ज्याच्या दाराशी कोठार, त्याचे पाय शाबूत राहिले, एवढं या मातीनं जपून ठेवलंय. बाकीच्यांना जागेवर ठेवायचं तर पाय तोडावे लागतात. ही अक्कल फार जुनी आहे.

आता वर या. आपल्या बापजाद्यांना पण इनाम होतं. महार वतन! हाडकीहाडवळ्याची जमीन, वर बलुतं. केवढा मान! आणि बदल्यात काय? रात्री-बेरात्री सांगावा पोचवा, सरकारी माणसाच्या घोड्यापुढं पळा, मेलेलं ढोर ओढा, मयताचा निरोप घेऊन दहा कोस चाला. कामाला वेळ नाही, मजुरीला दर नाही. १८७४ च्या वतन कायद्यानं इंग्रज सरकारनंही ही चौकट तशीच वापरली. एकानं नाही म्हटलं तर सगळ्या म्हारवड्याचं बलुतं बंद. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात हा कायदा बदलायचं विधेयक आणलं. लोकांना वाटलं, हे काय, आहे ती जमीन सोडायला सांगतात? बाबासाहेबांना दिसत होतं की हे इनाम म्हणजे पायातली बेडी आहे. शेवटी वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं. बेडी काढायला तीस वर्षं लागली.

मग संपलं का इनाम? नाही. त्याचं नाव बदललं.

या शिरूर-दौंडच्या पट्ट्यात ऊस बघा. पाणी आलं, ऊस आला, साखर आली. तोडायला माणूस कुठून येतो? बीड, पाथर्डी, जालना. दिवाळी झाली की टोळ्या येतात आणि ऊस संपेपर्यंत पालात राहतात. त्यांना माणूस म्हणत नाहीत, कोयता म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादम उचल देतो. आजारपणाला, लग्नाला, घरावर पत्रा टाकायला. ती उचल घेतली की पाय गेले. फडातनं उठून जाता येत नाही. एक दिवस पडून राहिलं की खाडा, खाड्याचा दंड, दंडाचं कर्ज. बैलगाडीखाली पाय गेला, मोळी उचलताना कंबर गेली, तर मुकादम म्हणतो, दवाखान्याचे पैसे देतो, पुढच्या उचलीत धरू. म्हणजे जखम झाली आपल्याला आणि कर्ज झालं तेही आपल्यालाच!

बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांची गर्भाशयं काढल्याचा बोभाटा झाला तेव्हा, २०१९ साली, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ८२,३०९ बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ बायांची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत खाडा नको, दंड नको, हे त्यामागचं एक कारण समोर आलं. या जखमेला अपघात म्हणायचं का? मशीन कुठंय? रक्त कुठं सांडलं? साखरेच्या पोत्यावर ते दिसत नाही. कारखान्याला विचारा, तो म्हणतो आमचा करार मुकादमाशी. मुकादमाला विचारा, तो म्हणतो मी पण गरीबच. मालक कोण ते कागदावर सापडूच नये, अशी ही रचना आहे.

आता म्हणाल, आम्ही शहरातले. आमचं काय? याच तालुक्यात रांजणगावची एमआयडीसी आहे, शेजारी दौंडात कुरकुंभची. तिकडं चाकण, भोसरी. तुमच्यातले किती जण ठेकेदाराकडं आहात, हात वर करा. बघा! जवळजवळ सगळे. कुणाकडं नेमणूकपत्र आहे? हात खाली गेले.

माझंच सांगतो. शेडचं नाव घेणार नाही. नाव घेतलं तर तुम्हाला वाटेल की असं एकाच ठिकाणी होतं. आठ माणसांचं शेड, मोठ्या कंपनीला पत्र्याचे पार्ट पुरवणारं. मी पॉवर प्रेसवर होतो. प्रेसला सेन्सर होता, हात आत असला की मशीन थांबायचं. पण त्यानं तासाचे नग कमी पडायचे, म्हणून सुपरवायझरनं वायर काढून सेन्सर बंद करून ठेवला होता. रात्रपाळीला प्रेस आला खाली आणि माझ्या उजव्या हाताची दोन बोटं डायमध्येच राहिली. सुपरवायझरचा पहिला शब्द काय होता? "मशीन कुणी बंद केलं?"

मला टेम्पोत घातलं. रस्त्यात दोन दवाखाने लागले, तिथं थांबवलं नाही. शेठच्या ओळखीच्या डॉक्टरकडं नेत होते. वाटेत सुपरवायझर समजावतोय, "डॉक्टरनं विचारलं तर सांग, घरी कडबाकुट्टीत हात गेला." मी म्हटलं, "साहेब, मी झोपडपट्टीत राहतो. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं. म्हैस कुठं बांधू?" डॉक्टरनं विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं आणि केसपेपरवर लिहायला लावलं.

चौथ्या दिवशी शेठ स्वतः आले. सफरचंदं घेऊन. पाच हजार रुपये आणि टाईप केलेला कागद. कागदावर काय? माझ्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला, कंपनीनं माणुसकीच्या नात्यानं मदत केली, माझी काही तक्रार नाही. शेठ म्हणाले, "सही कर, तू घरच्यासारखा आहेस." घरच्यासारखा! घरचा नाही, घरच्यासारखा. वतनदार पाटीलही असंच म्हणायचे. मी सही केली नाही. पुढच्या आठवड्यात हजेरीतनं माझं नाव गेलं. दाव्याला तीन वर्षं लागली. पण शेवटी पैसे आले ते हिशेबानं आले, व्याज धरून आले, आणि मला कुणाला साहेब मेहरबानी म्हणावं लागलं नाही.

आता तो हिशेब काय असतो ते ऐका. वह्या काढा.

कामावर इजा झाली तर मालकानं भरपाई द्यायची, हा कायदा या देशात १९२३ पासून आहे. आता तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घातलाय आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. नाव बदललं तरी मुद्दा तोच आहे. चूक कुणाची हा पहिला प्रश्नच नाही. इजा कामामुळं आणि काम चालू असताना झाली का, हा पहिला प्रश्न. झाली असेल आणि तीन दिवसांहून जास्त काम बंद पडलं असेल, तर मालक देणं लागतो.

शेठ म्हणतो, तुझीच चूक. म्हणू दे. मालकाला सुटायला कायद्यात ठराविकच वाटा आहेत: तू दारू-नशेत होतास, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम तू मुद्दाम मोडलास, किंवा सुरक्षेचं साधन तू स्वतः मुद्दाम काढून टाकलंस. आणि माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला, तर याही वाटा बंद. डोळा लागला, घाई झाली, हात चुकला, याला मुद्दाम म्हणत नाहीत. सेन्सर सुपरवायझरनं काढला असेल तर तो मालकाचाच गुन्हा आहे.

आता पैसे. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर महिन्याच्या मजुरीचे ६० टक्के गुणिले वयाचा आकडा. मृत्यू झाला तर ५० टक्के गुणिले तोच आकडा. वय २५ असेल तर आकडा २१६.९१. मजुरी १२,००० धरा. ६० टक्के म्हणजे ७,२००. गुणिले २१६.९१. झाले १५,६१,७५२ रुपये. यातलं कुठल्या अवयवाला किती, त्याचा तक्ता आहे. एका हाताची दोन बोटं, २० टक्के. तीन बोटं किंवा अंगठा, ३० टक्के. चार बोटं, ५० टक्के. म्हणजे त्या पोराची दोन बोटं गेली तर ३,१२,३५० रुपये. शेठच्या पाच हजारांशेजारी हा आकडा लिहून ठेवा. मधला फरक म्हणजे सफरचंदांची किंमत!

माणसाच्या अंगाचा असा भाव लावलेला ऐकून अंगावर काटा येतो ना? मलाही येतो. अंगठ्याची किंमत सांगायला लागलं की एकलव्य आठवतो. पण एकलव्याचा अंगठा गुरुदक्षिणा म्हणून गेला, फुकट गेला. तक्ता निदान एवढं कबूल करतो की काहीतरी घेतलं गेलंय आणि ते कुणीतरी देणं लागतो.

आणि तक्ता म्हणजे शेवटचा शब्द नाही. १९७५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. एक सुतार सिनेमागृहाच्या सजावटीचं काम करताना खाली पडला. डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालक म्हणाला, एकच हात गेलाय, अपंगत्व अर्धंमुर्धं धरा. कोर्टानं मानलं की एका हाताचा माणूस सुतारकाम करू शकत नाही, त्याची कमावायची ताकद शंभर टक्के गेली. शिवाय मालकाचं देणं अपघाताच्या दिवसापासून सुरू होतं, निकालाच्या दिवसापासून नाही, हेही त्याच निकालात आहे. महिनाभरात दिलं नाही तर व्याज, आणि कारण नसताना अडवलं तर भरपाईच्या निम्म्यापर्यंत वरून दंड. तुम्ही काय काम करत होता, ते आता करता येतं का, हे ठासून सांगायचं. डॉक्टर बोटं मोजतो, आपण काम मोजायचं.

ठेकेदाराकडं असाल तर? कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचाच भाग असलेलं काम तिनं ठेकेदाराकडून करून घेतलं, तर भरपाई मूळ कंपनीकडंही मागता येते. तिनं नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. ईएसआय लागू असेल तर भरपाईचा दावा मालकावर नाही, ईएसआयवर. तिथं उपचार, तात्पुरत्या काळात मजुरीच्या ९० टक्के, आणि कायमचं अपंगत्व आलं तर जन्मभर महिन्याचे पैसे. म्हणून पगारातनं कापलेले पैसे खरंच भरले जातात का, आपला नंबर चालू आहे का, हे हात शाबूत असताना बघून ठेवा.

हे कायदे आकाशातनं पडले नाहीत. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणाई खात्यात घेत नव्हते. का, तर धोट्याचा धागा तोंडानं ओढावा लागतो, विटाळ होईल! जास्त पैशाच्या खात्यात विटाळ होतो, गटारात उतरवताना मात्र होत नाही. १९२८ च्या संपावेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले. १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं बाबासाहेबांकडं होतं. त्या काळात कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला प्राध्यापक अडारकरांना नेमलं गेलं, १९४४ ला त्यांचा अहवाल आला, त्यातनं १९४८ चा ईएसआय कायदा उभा राहिला. फोटोला हार घालताना हेही सांगत जा. संविधानाचा बाप आपल्याला माहीत आहे, पण दवाखान्याच्या कार्डामागंही तोच माणूस उभा आहे.

नव्या संहितांचं काय? २९ कायदे मोडून चार संहिता केल्या. त्यात नेमणूकपत्र प्रत्येकाला द्यायचं असं लिहिलंय. ते मागा. घरून कामावर जाता-येताना झालेला अपघात, वेळ-जागा-कारण यांचा कामाशी संबंध दिसला तर, कामावरचाच धरायचा असंही लिहिलंय. तेही वापरा. पण दुसरं पान उलटा. वीज वापरणारा कारखाना पूर्वी दहा कामगारांवर कारखाना ठरायचा, आता वीसवर. ठेका कामगारांचा कायदा वीस माणसांवर लागायचा, आता पन्नासवर. कामगार कपात करायला आणि कारखाना बंद करायला सरकारी परवानगी शंभर कामगारांपासून लागायची, आता तीनशेपासून. म्हणजे आपण जिथं बोटं घालवतो ती छोटी शेडं तपासणीच्या नजरेतनं आणखी खाली गेली. एका हातानं कागद दिला, दुसऱ्या हातानं दिवा काढून नेला.

म्हणून मी पुन्हा पुन्हा नोंद, नोंद करतोय. मुंबई महापालिकेच्या कचरा उचलणाऱ्या ठेका कामगारांचं उदाहरण घ्या. त्यात आपली माणसं किती ते सांगायला नको. पालिका म्हणायची, हे आमचे कामगारच नाहीत, ठेकेदाराचे आहेत. कचरा वाहतूक श्रमिक संघ कोर्टात लढला. ७ एप्रिल २०१७ ला सुप्रीम कोर्टात २,७०० कामगारांना कायम करायचा निकाल टिकला. जिंकले! मग कायम करायच्या वेळी काय झालं? कितीक जणांच्या नावाचं स्पेलिंग जुळत नाही म्हणून अडवून ठेवलं. रोज पहाटे शहराची घाण उचलणारा माणूस पालिकेला दिसतो, पण कागदावर एक अक्षर हुकलं की तो नाही! आपला शत्रू कागद ओळखतो, म्हणून आपण कागद ओळखायला शिकायचं.

गटारात मेलेल्यांचंही तेच. सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर २७ मार्च २०१४ ला सुप्रीम कोर्टानं १९९३ पासूनच्या प्रत्येक गटार-मृत्यूला दहा लाख द्यायला सांगितलं. २० ऑक्टोबर २०२३ ला दुसऱ्या निकालात ते तीस लाख केले, कायमच्या अपंगत्वाला वीस लाख. पण पैसे कुणाला मिळतात? ज्याच्या मरणाच्या कागदावर गटार हा शब्द आहे त्याला. "पाय घसरून पडला" असं लिहिलं की तो माणूस गटारात मेलाच नाही. मरणसुद्धा नोंदवून घ्यावं लागतं या देशात.

तेव्हा काय करायचं, ते सांगतो. इजा झाली की आधी इलाज, आणि इलाज करतानाच डॉक्टरला खरं ठिकाण, खरी वेळ, खरं मशीन सांगायचं. केसपेपरवर काय लिहिलंय ते वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शेजारच्या पोराकडून वाचून घ्या, मोबाइलवर फोटो काढा. सोबत जाणारा माणूस आपला पाहिजे, मालकाचा नको. कोण कोण हजर होतं त्यांची नावं त्याच दिवशी लिहा. महिन्याभरानं साक्षीदाराला पोटापाण्याची भीती आठवते. मालकाला लेखी कळवा, मोबाइलवर पाठवा आणि स्पीड पोस्टानंही पाठवा, पावती जपा. गेटपास, बँकेत पगार आल्याची नोंद, पीएफचा नंबर, मशीनवर उभं असतानाचा एखादा फोटो, हे घरी वेगळं ठेवा. आजच ठेवा.

सही करू नका. कोऱ्या कागदावर नाही, इंग्रजी कागदावर नाही, राजीनाम्यावर तर नाहीच. कुणी आधीच सही करून बसलं असेल तर त्याला हिणवू नका, त्याला सांगा की सगळं संपलेलं नाही. भरपाईचा हक्क सोडल्याचा करार कायदा मानत नाही. परस्पर केलेली तडजोड अधिकाऱ्यापुढं नोंदवलेली नसेल तर तिच्यानं मालक सुटत नाही. दाव्याला मुदत दोन वर्षं. दावा जिथं अपघात झाला तिथंच लावावा असंही नाही, तुम्ही जिथं राहता तिथं लावता येतो. वकिलाला पैसे नाहीत? अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, बाईला, औद्योगिक कामगाराला १९८७ च्या कायद्यानं सरकारी खर्चानं वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं टेबल असतं. तिथं जा, अर्ज मागा. नाही म्हणाले तर नाही असं लिहून मागा.

आणि मालक अंगावर आला तर? येणारच. दावा लावला की ड्युटी बदलतो, रात्रपाळी मागं लावतो, शिव्या देतो, गेट बंद करतो. चौकशी न करता, म्हणणं न ऐकता काढून टाकलं तर तो वेगळा वाद आहे, तो युनियन नसलेला एकटा कामगारसुद्धा समेट अधिकाऱ्याकडं नेऊ शकतो. जातीवरून चारचौघांत शिवी दिली तर तो १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे, तो पोलिसात. हे तीन कागद वेगळे ठेवा. भरपाई वेगळी, नोकरी वेगळी, अपमान वेगळा. मालक काय करतो? तिन्ही एकत्र बांधतो आणि म्हणतो, "जाऊ दे ना, पैसे घे आणि सगळं मिटव." बोटाचे पैसे देऊन अपमान मिटत नाही. आणि अपमानाची माफी मागून बोटाचे पैसे बुडवता येत नाहीत.

कुणी म्हणेल, हे काय चाललंय, क्रांती सोडून अर्ज-फाटे? दोस्तांनो, हा कायदा म्हणजे मुक्ती नाही, मला माहीत आहे. तक्ता बोट परत देत नाही. सेन्सर चालू ठेवला असता तर तक्त्याची गरजच नव्हती, आणि सेन्सर चालू ठेवायला लावणं हा खरा लढा आहे. पण ज्या पोराला स्वतःच्या बोटाचा हिशेब मागता येत नाही, तो उद्या कारखान्याचा हिशेब काय मागणार? आणि ज्या शेठला दोन बोटांचे तीन-चार लाख मोजावे लागतात, त्याला सेन्सरची वायर पुन्हा जोडायची अक्कल लवकर येते. भाषणानं ती येत नाही.

या मातीत पाय तोडलेली माणसं झोपली आहेत. त्यांचे पाय ती मेल्यावर तोडले. आपल्याला जिवंतपणी उचल देतात, मदत देतात, घरच्यासारखा म्हणतात आणि जागेवर ठेवतात. आपले पाय आपल्याकडं आहेत. कामगार कचेरीपर्यंत, कोर्टापर्यंत, मोर्च्यापर्यंत चालायला ते पुरेसे आहेत.

आता चहा येईल. चहा घेताना प्रत्येकानं आपल्या शेजारच्याला विचारायचं, तुझ्या मशीनला गार्ड आहे का, आणि तुझ्या शेडचा खरा मालक कोण? उत्तर वहीत लिहा. ज्याला उत्तर येत नाही त्याच्यापासून उद्याचं काम सुरू.

जय भीम!